बारा पावलं आणि बेचाळीस किलोमीटर

धावपटू क्रमांक ४४१७. लिंग : पुरुष. वय : त्रेपन्न वर्षे सात महिने. उंची : पाच फूट पाच इंच. हुद्दा : वरिष्ठ प्रयोगशाळा तंत्रज्ञ, रक्तविभाग. सेवाकाल : एकोणतीस वर्षे, विनाखंड. सदर इसम निर्व्यसनी, मितभाषी व कर्तव्यदक्ष असून त्याच्या नजरेखालून आजवर सुमारे साडेतीन लाख रक्तनमुने गेलेले आहेत. सदर इसमाच्या अचूक नजरेबद्दल संस्थेस सार्थ अभिमान आहे. सदर इसमाचे ज्येष्ठ बंधू रक्ताच्या कर्करोगाने कालवश झाले असल्याकारणाने सदर इसम उक्त रोगावरील संशोधनाच्या निधीसाठी पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे बेचाळीस किलोमीटर एकशे पंच्याण्णव मीटर, स्वखुशीने धावणार आहे.

हा मजकूर रुग्णालयाने छापलेल्या पत्रकाच्या मागच्या बाजूला होता. जनसंपर्कवाल्या बाईंनी तो आस्थापना विभागाकडून मागवला, वाचायला वेळ झाला नाही आणि तसाच छापखान्यात धाडला. यातली उंची बरोबर होती. 'निर्व्यसनी' हेही, चहा मोजला नाही तर, बरोबर होतं. मितभाषी असणं हा त्यांचा गुण नव्हता, ती कामाची अट होती. मोजताना बोललं की आकडा चुकतो.

रुग्णालयात त्यांना टकटकराव म्हणत. रक्ताचा थेंब काचेवर पातळ पसरून, रंग देऊन, वाळवून ती स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. मग पांढऱ्या पेशी एकेक करून ओळखायच्या आणि डाव्या हाताशी असलेल्या काउंटरवर त्या त्या जातीचं बटण दाबायचं. दर बटणाला एक टक्. शंभर भरल्या की घंटी वाजते. टकटकराव एकोणतीस वर्षं स्लाइडच्या त्याच कडेपासून सुरुवात करत. वरून खाली, एक घर बाजूला, मग खालून वर. त्यांची डावी तर्जनी घरीसुद्धा स्वस्थ बसत नसे. जेवताना ती ताटाच्या कडेवर चाले.

"अहो, मटार आहेत ते," बायको म्हणे. "मोजू नका, खा."

बायको पोस्टात खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांना 'पुढच्या खिडकीवर जा' सांगून तिचा आवाज असा घडला होता की घरातली मांजरंसुद्धा रांगेत येत.

आता प्रयोगशाळेतली एक रीत सांगायला हवी. नियमपुस्तकात ती नव्हती, म्हणूनच सगळे ती काटेकोरपणे पाळत. कारखाने, बसडेपो, मोटार ड्रायव्हिंग स्कूल अशा ठिकाणांहून वर्षातून एकदा कामगारांच्या तपासणीचे नमुने येत. एका वेळी साठ-सत्तर. त्याला 'फिटनेसचा गठ्ठा' म्हणत. हे लोक स्वतःच्या पायांनी चालत आलेले, रांगेत थट्टामस्करी केलेले, बाही वर करून रक्त देऊन परत कामाला गेलेले. त्यांना काय होणार? मोजणीच्या यंत्राने एखाद्या नमुन्यापुढे संशयाची चांदणी काढलीच तर स्लाइड बघायची, पण शंभर मोजत बसायचं नाही. पन्नास मोजायच्या आणि दुप्पट करायच्या. गठ्ठ्याच्या दिवशी प्रयोगशाळेत घंटी वाजत नसे.

दुसरी एक रीत होती, ती मात्र सोवळ्यासारखी पाळली जाई. आपल्या नातेवाइकाची स्लाइड आपण बघायची नाही, शेजारच्या टेबलाला द्यायची.

टकटकरावांच्या थोरल्या भावाने या दोन्ही रीती एका झटक्यात निकालात काढल्या, आणि तेही केवळ संकोचापायी.

दादा मोटार चालवायला शिकवायचा. तीस वर्षं तो शिकाऊ लोकांच्या डाव्या बाजूला बसला. त्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक होता आणि या गोष्टीचा त्याला भलताच गर्व होता. "राजाकडेसुद्धा नसतो," तो सांगे. "दुसऱ्याच्या गाडीत आपला ब्रेक." टकटकरावांना तो 'डॉक्टर' म्हणे. त्यांना वैद्यकीयला प्रवेश मिळाला नव्हता, त्याला तीस-पस्तीस वर्षं झाली, पण दादाला विनोद शिळा झालेला चालत असे.

एकदा दादाला थकवा आला. नडगीवर कुठे आपटल्याचं आठवत नसताना निळे डाग दिसायला लागले. टकटकराव म्हणाले, "लॅबमध्ये ये, रक्त दे." दादा म्हणाला, "येतो." पण धाकट्या भावाच्या कामाच्या जागी जाऊन ओळखीचा फायदा घेणं त्याला प्रशस्त वाटलं नाही. ड्रायव्हिंग स्कूलचा वार्षिक तपासणी कॅम्प आठवड्यावर होता. दादाने तिथेच बाही वर केली. नमुन्याला नाव नसतं, क्रमांक असतो. दादाचा क्रमांक अडतीस होता. यंत्राने त्याच्यापुढे चांदणी काढली. स्लाइड टकटकरावांच्या टेबलावर आली. त्यांनी पन्नास मोजल्या, दुप्पट केल्या, 'असामान्य पेशी आढळल्या नाहीत' असं लिहिलं, सही केली आणि एकोणचाळीस नंबरकडे वळले.

तीन आठवड्यांनी एका चौकात दादाच्या नाकातून रक्त यायला लागलं ते थांबेना. शिकाऊ बाई घाबरून स्टिअरिंग सोडून रडायला लागल्या. दादाने एका हाताने नाकाला रुमाल लावला, पायाने स्वतःचा ब्रेक दाबला आणि म्हणाला, "रडा, पण आधी इंडिकेटर द्या." बाईंनी इंडिकेटर दिला. चुकीच्या बाजूचा.

या वेळी नमुना नावासकट आला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मोजला, खुर्ची मागे सारली आणि टकटकरावांकडे न बघता मॅडमना बोलवायला गेला. मॅडम म्हणजे विभागप्रमुख डॉक्टर. टकटकरावांना तेवढ्यावरून समजलं. खुर्ची मागे सारण्याचा तो आवाज त्यांनी स्वतः कितीदा तरी केला होता.

ते वॉर्डात धावले तेव्हा दादा उशीला टेकून बसला होता. त्याने शर्टाच्या खिशातून चौघडी घातलेला कागद काढला.

"हे काय रे, डॉक्टर? तीन आठवड्यांपूर्वी तर तुझ्याच लोकांनी पास केलं मला. ही बघ सही. तुझीच ना?"

टकटकरावांनी सही बघितली. दोन अक्षरं आणि खाली एक वेलांटी.

"हो. माझीच."

"तेच म्हटलं. मी हिला सांगितलं, डॉक्टरची सही आहे, आता मला काय धाड भरलीय?" दादाने कागदाची पुन्हा चौघडी केली आणि खिशात ठेवला. "मग ठीक आहे."

यापुढचे सात महिने दादाने त्या कागदाचा विषय काढला नाही. सातव्या महिन्यात तो गेला. कागद वहिनींनी त्याच्या लायसन्सबरोबर ठेवला.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांना टकटकरावांनी एकदा विचारलं होतं. "तीन आठवडे आधी कळलं असतं तर?"

"फरक पडला असता असं म्हणता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पडला नसता असंही नाही." ही दोन वाक्यं एका श्वासात म्हणायला बरीच वर्षं शिकावं लागतं.

अडतीस नंबरची स्लाइड कुठे गेलेली नव्हती. फिटनेसच्या स्लाइड दोन वर्षं ठेवायचा नियम होता. ती कपाटात ट्रे क्रमांक सतरामध्ये आडवी पडून होती. टकटकरावांच्या स्टुलापासून कपाट बारा पावलांवर होतं. त्यांनी मोजलं होतं, पण चालून नव्हे, नजरेने. दादा जाऊन नऊ महिने झाले तरी ते त्या कपाटाकडे गेले नाहीत. जुनी स्लाइड लागली की शेजारच्याला सांगत, "तुम्ही उठताच आहात तर..." शेजारचा उठत नसे, पण हे वाक्य ऐकल्यावर त्याला उठावं लागे.

त्या काचेवर तीन शक्यता वाळून पडल्या होत्या. पहिली, स्लाइड स्वच्छ होती आणि रोग नंतर आला. मग टकटकराव निर्दोष. दुसरी, रोगाच्या कच्च्या पेशी स्लाइडवर होत्या, पण त्यांनी मोजलेल्या पन्नासाच्या पलीकडे. मग दोष रीतीचा. रीत प्रयोगशाळेतल्या आठ जणांची, म्हणजे दोषाचे आठ वाटे. एवढा वाटा उचलून माणूस चालू शकतो. या दुसऱ्या शक्यतेवर त्यांनी मनाने घर बांधलं होतं. तिसरी शक्यता पहिल्या पन्नासाची होती. तिच्याकडे ते बघत नसत.

अशा मनःस्थितीत जनसंपर्कवाल्या बाई त्यांच्या टेबलापाशी आल्या. संशोधन निधीसाठी रुग्णालय मॅरेथॉनमध्ये उतरणार होतं आणि पत्रकावर लावायला एक चेहरा हवा होता. दोन नटांना विचारून झालं होतं. एकाचा गुडघा दुखत होता, दुसऱ्याला किती अंतर आहे ते कळलं होतं.

"तुमची गोष्ट फार छान आहे," बाई म्हणाल्या.

"छान?"

"म्हणजे दुःखद. पण छान दुःखद. जो माणूस जन्मभर हा रोग पकडतो, त्याच्याच घरात... कळतंय ना तुम्हाला? लोक दर किलोमीटरला देणगी देतात. शेवटचं कधी धावला होतात?"

टकटकरावांनी आठवून पाहिलं. "लिफ्टचं दार लागत होतं तेव्हा."

"मिळाली?"

"नाही."

बाईंना हे आवडलं. त्यांनी लिहून घेतलं. टकटकराव हो म्हणाले. का म्हणाले हे त्यांना त्या वेळी सांगता आलं नसतं. बाहेरून बघणाऱ्याला मात्र हिशेब सोपा होता. बारा पावलं चालण्यापेक्षा बेचाळीस किलोमीटर धावणं त्यांना परवडत होतं.

"बेचाळीस?" बायको म्हणाली. "अहो, बेचाळीस नंबरच्या बसमागेसुद्धा तुम्ही धावत नाही. पुढची येईल म्हणता."

"दादासाठी धावतोय."

ती जाऊन त्यांच्यासाठी मोज्यांचे चार जोड घेऊन आली, आणि तेही एकाच रंगाचे, म्हणजे एक हरवला तर जोडी मोडू नये.

रुग्णालयातल्या व्यायामोपचारवाल्या बाईंनी पाच महिन्यांचा तक्ता करून दिला. टकटकराव सकाळी तलावाभोवती धावू लागले. पहिल्या आठवड्यात त्यांना एक काठी टेकत फिरणारे आजोबा मागे टाकत. दुसऱ्या महिन्यात ते आजोबांच्या बरोबरीने आले. तिसऱ्या महिन्यात आजोबा यायचे बंद झाले, त्यामुळे प्रगती नेमकी किती झाली हे कळायला मार्ग उरला नाही. एका पायाचं नख काळं पडलं. पँट कमरेत सैल झाली. प्रयोगशाळेतले सहकारी दर किलोमीटरला देणगी लिहून देऊ लागले, पण बहुतेकांनी ती अडतीस किलोमीटरनंतरच्या अंतरावर दिली. मॅडम तेवढ्या पहिल्यापासून देणार होत्या. धावताना डोकं रिकामं होतं असं टकटकरावांना सांगण्यात आलं होतं. तसं झालं नाही. तेच विचार आले, फक्त धापा टाकत आले.

शर्यतीच्या दोन आठवडे आधी ते वहिनींकडे गेले. शेवटच्या रेषेवर त्यांच्या गळ्यात पदक वहिनींनी घालावं असं जनसंपर्कवाल्या बाईंनी ठरवलं होतं. निरोप त्यांनीच पोचवायचा होता.

वहिनी अजून ड्रायव्हिंग स्कूलच्या पुढच्या खोलीत खुणांचा वर्ग घेत. भिंतीवर लाल त्रिकोण आणि निळी वर्तुळं. टेबलावर एक मोठा पुठ्ठा, त्याच्यावर रंगवलेला चौक, आणि चौकात खेळण्यातल्या सहा मोटारी. कोणी आधी जायचं हे वहिनी त्या मोटारी सरकवून शिकवत. रविवार दुपार असल्याने वर्गात कोणी नव्हतं, तरी चौकात गर्दी होती.

"किती वाळलात, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "जाऊबाई जेवू घालत नाहीत का?"

"मोजून घालते."

वहिनी हसल्या. निरोप ऐकून घेतला. पदक घालायला येते म्हणाल्या, साडी कुठल्या रंगाची नेसायची तेही विचारलं. मग त्यांनी चौकातली एक पिवळी मोटार उचलली आणि हातात धरून ठेवली.

"एक विचारू का? हसायचं नाही."

"विचारा."

"तो पहिला कागद आला ना, तुमच्या सहीचा. त्याच्यानंतर तीन आठवडे हे रोज म्हणायचे, गळून गेल्यासारखं होतंय. आणि मी काय म्हणायची? रिपोर्ट चांगला आलाय, आता सोंगं पुरे, उठा, वर्गातली माणसं खोळंबलीत. एक दिवस तर मी पांघरूण ओढून काढलं त्यांच्या अंगावरून. उठले बिचारे. बुटाची नाडी बांधताना भिंतीला टेकले होते." त्यांनी मोटारीची चाकं अंगठ्याने फिरवली. "मला एवढंच सांगा. कागद बरोबर होता ना? तेव्हा काही नव्हतं ना त्यांना?"

टकटकरावांपुढे दोन रस्ते होते. 'बघून सांगतो' असं म्हणता आलं असतं. एकोणतीस वर्षांत त्यांनी स्लाइड न बघता कुणालाही निकाल सांगितला नव्हता. साहेबांच्या ओळखीवर नाही, मंत्र्याच्या फोनवर नाही.

"नव्हतं," ते म्हणाले. "कागद बरोबर होता."

"नक्की?"

"नक्की."

वहिनींनी मोठा श्वास सोडला आणि पिवळी मोटार चौकाच्या पार पलीकडे नेऊन ठेवली. "बस्स. तेवढंच हवं होतं मला. थांबा, चहा टाकते."

चहा चांगला झाला होता. टकटकरावांनी दोन कप घेतले. परत येताना त्यांच्या मनात आलं की पहिल्या खेपेला आपण निदान पन्नास तरी मोजल्या होत्या.

शर्यतीच्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिव्याच्या खांबांवर त्यांचे फलक होते. फोटोत ते सूक्ष्मदर्शकावर वाकलेले, आणि खाली मोठ्या अक्षरात : 'वेळेत ओळखा, आयुष्य वाचवा.' दर तीनशे मीटरला एक. टकटकराव बेचाळीस किलोमीटर स्वतःच्या उपदेशाखालून धावले.

पहिले दहा किलोमीटर बरे गेले. बाराव्याला एका तरुणाने त्यांना मागे टाकलं. तो स्पंजाच्या मोठ्या चकतीत शिरून तांबडी रक्तपेशी बनला होता आणि लोक टाळ्या पिटत होते. टकटकरावांनी सवयीने बघितलं. चकती मध्यभागी दबलेली हवी होती, ही फुगलेली होती. असा नमुना त्यांनी पुन्हा रंगवायला पाठवला असता. सत्तावीस किलोमीटरपर्यंत डाव्या तर्जनीचं टकटक चालू होतं. मग तेही बंद पडलं. एकतिसाव्याला ते चालू लागले आणि तेहतिसाव्याला एका खांबाला टेकून खाली बसले. वर त्यांचाच फलक होता.

पाण्याच्या टेबलावरची एक स्वयंसेवक बाई धावत आली. "काका, बरे आहात ना? सोडायचं असेल तर गाडी आहे मागे. त्यात काही कमीपणा नाही हो."

"माहितीय."

"बरेच जण सोडतात."

"गाडी कुठून जाते?"

"शेवटच्या रेषेपर्यंत. स्टेजच्या समोरच सोडतो आम्ही."

स्टेजवर वहिनी उभ्या असणार होत्या, सांगितलेल्या रंगाच्या साडीत. टकटकराव खांबाला धरून उठायला लागले. उठता उठता त्यांच्या लक्षात आलं की गेले पाच महिने आपण एक सौदा करत होतो. हे अंतर पुरं केलं की ती स्लाइड स्वच्छ निघेल, असा. कुणाशी केला होता ते माहीत नव्हतं, पण सौदा पक्का होता. आणि तेहतिसाव्या किलोमीटरला, मांडीत गोळे आलेले असताना, त्यांना पहिल्यांदा साधी गोष्ट दिसली. काचेवरचं रक्त कधीच वाळलं होतं. ते त्यांच्या पायांकडे बघून मत बदलणार नव्हतं.

हे कळल्यावर खरं तर गाडीत बसायला हरकत नव्हती. पण एव्हाना ते उठले होते.

सहा तास बारा मिनिटांनी त्यांनी रेषा ओलांडली. वहिनींनी गळ्यात पदक घातलं. लोक टाळ्या वाजवत होते. बायको कठड्यापलीकडून ओरडत होती, "बसू नका, चालत राहा, चालत राहा!" जनसंपर्कवाल्या बाई म्हणत होत्या, "हात खांद्यावर, अगदी तसंच, हलू नका." वहिनींनी हात खांद्यावर ठेवला आणि त्यांच्या कानाशी हळूच म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी सांगितलंत ना, भाऊजी, तेव्हापासून झोप लागते मला. चौदा महिन्यांनी."

फोटोत टकटकरावांच्या डोळ्यांत पाणी आहे. बाईंनी तोच निवडला.

सोमवारी ते जिने उलटे उतरत कामावर आले. सरळ उतरताना गुडघे ऐकत नव्हते. सहकाऱ्यांनी केक आणला होता. मॅडम म्हणाल्या, "मला वाटलं होतं तुम्ही सोडाल. बरं झालं चुकले." तेवढ्यात जनसंपर्कवाल्या बाई छायाचित्रकाराला घेऊन हजर. पदक गळ्यात घालून, मायक्रोस्कोपवर, काम करताना एक फोटो हवा होता.

"काहीतरी बघताय असं दाखवा," छायाचित्रकार म्हणाला.

"काय बघू?"

"काहीही. कुठलीही काच लावा. फोटोत कुठे कळतंय?"

शेजारचा सहकारी समोरची एखादी स्लाइड द्यायला लागला. टकटकराव म्हणाले, "राहू दे, मी आणतो," आणि उठले. सहकाऱ्याने चमकून बघितलं. त्या पायांनी बारा पावलांची एकोणीस झाली. ट्रे सतरा खालून तिसऱ्या खणात होता. अडतीस नंबरची स्लाइड जागेवर होती. त्यांनी ती पुसली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तेलाचा थेंब टाकला आणि भिंग खाली आणलं.

मग नेहमीच्या कडेपासून सुरुवात केली. वरून खाली. टक्. टक्. एक घर बाजूला.

"थोडं हसा," छायाचित्रकार म्हणाला.

पन्नासला त्यांचा हात सवयीने थांबला. काउंटरच्या बारक्या खिडक्यांमधले आकडे त्यांनी वाचले. शेवटच्या खिडकीपाशी ते जरा जास्त थांबले.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"नाही. अजून पन्नास आहेत."

कॅमेरा चालू राहिला. पदक टेबलाच्या कडेवर आपटत होतं, ते त्यांनी शर्टाच्या आत टाकलं, बाईंनी ते पुन्हा बाहेर काढलं. खालून वर. टक्. एक घर बाजूला. मग घंटी वाजली.

"अय्या, वाजतेपण!" बाई म्हणाल्या. "म्हणजे किती झाले?"

"शंभर."

"शंभरपैकी शंभर!" बाईंनी वहीत लिहून घेतलं. फोटोखाली छापायला त्यांना ओळ मिळाली होती.

सगळे गेल्यावर टकटकरावांनी वहिनींना फोन लावला.

"वहिनी, संध्याकाळी घरी आहात?"

"आहे की. पण तुम्ही आज चालताय कसे? पाय धरले नाहीत?"

"धरलेत. तरी येतो. जरा बोलायचंय."

"या ना. आणि पदक आणा बरं का बरोबर. यांच्या फोटोला पाच मिनिटं घालू या, मग घेऊन जा."

"कागद काढून ठेवा," टकटकराव म्हणाले.

"कुठला?"

"माझ्या सहीचा."

पलीकडे कोणीतरी वर्गात गिअरबद्दल विचारत होतं, तेवढं ऐकू आलं. मग वहिनींनी फोन ठेवला.

टकटकरावांनी खणातून पुनर्तपासणीचा छापील फॉर्म काढला. हा फॉर्म प्रयोगशाळेत असतो, पण तो भरलेला कुणी पाहिला नव्हता. वरचा कागद पिवळा पडला होता, म्हणून त्यांनी खालचा घेतला. सुवाच्य अक्षरात भरला आणि स्लाइडसकट मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला.

नमुना क्रमांक : ३८. ट्रे : १७. मूळ तपासनीस : खाली सही करणार. पुनर्तपासनीस : खाली सही करणार. मूळ निष्कर्ष : असामान्य पेशी आढळल्या नाहीत. सुधारित निष्कर्ष : शंभर पेशींत अकरा कच्च्या पेशी. पैकी सहा पहिल्या पन्नासात.